मंत्रचळ : न संपणाऱ्या संशयाचा आजार

'मंत्रचळ' हा मराठीतील जुना शब्द. मंत्र म्हणताना उच्चारात चूक झाली म्हणजे म्हणणाऱ्याचे चित्त चळते, अशी समजूत त्याच्या मुळाशी आहे. आज आपण तो बहुधा थट्टेने वापरतो. घटकेघटकेला हात धुणारी आत्या, दाराचे कुलूप चारचारदा ओढून पाहणारे शेजारी, उंबऱ्यापाशी वहाणा एका रेषेत लागल्याशिवाय जेवायला न बसणारे काका, ही सारी मंडळी आपल्या लेखी मंत्रचळी ठरतात. घरातली चार माणसे हसतात आणि विषय तेथेच संपतो. या हसण्याच्या आड पुष्कळदा एक खराखुरा आजार दडलेला असतो. वैद्यकशास्त्रात त्यास 'ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर' असे नाव असून 'ओसीडी' हे त्याचे संक्षिप्त रूप आता वर्तमानपत्रांतूनही आढळते. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्यासाठी निरनिराळे पारिभाषिक शब्द योजिलेले आहेत. प्रस्तुत लेखात मात्र 'मंत्रचळ' हाच शब्द ठेवला आहे. तो सर्वांच्या ओळखीचा आहे, हे एक कारण. दुसरे असे, की आपल्या हातून काही चूक झाली असेल व तिच्यामुळे अनर्थ ओढवेल, ही जी धास्ती या आजाराचे मर्म होय, ती या जुन्या शब्दात आपोआपच येऊन बसली आहे.

बंगळुरू येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने, म्हणजे 'निम्हान्स'ने, २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हते. प्रौढ व्यक्तींमध्ये मंत्रचळाचे प्रमाण तेव्हा शेकडा ०.८ च्या आसपास आढळले. आकडा ऐकायला लहान वाटतो. परंतु दोन हजार प्रौढांच्या गावाला तो लावून पाहिला, तर सुमारे १६ माणसे होतात. तुमच्या गावात असे १६ लोक आहेत काय, असे एखाद्या सरपंचास विचारले, तर 'आमच्याकडे असे कोणी नाही' हेच उत्तर बहुधा मिळेल, आणि उत्तर देणारा काही खोटे बोलत नसेल. ज्याला आजार आहे तो माणूस तो लपवीत असतो, घरचे लोक त्याला 'स्वभाव' म्हणत असतात आणि गावाला त्यातला फक्त हसण्याजोगा भाग दिसत असतो. मानसिक आजारांच्या बहुतेक प्रकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते, असेही याच पाहणीत दिसून आले.

विचार, धास्ती आणि कृती

शेतकऱ्याने रात्री विहिरीवरची मोटार बंद केली व तो घरी आला. अंथरुणावर पडताच त्याच्या मनात आले, मोटार खरोखर बंद केली का? असे कोणालाही होते. आपण क्षणभर आठवतो आणि कूस बदलतो. मंत्रचळाच्या रुग्णाचे असे होत नाही. तो उठून विहिरीवर जातो, मोटार बंद आहे हे पाहतो, परत येतो. वाटेतच शंका येते, की पाहताना हात लागून ती पुन्हा सुरू तर झाली नसेल? तो मागे वळतो. पहाटेपर्यंत अशा सहासात खेपा होतात. मोटार बंद आहे हे त्याच्या डोळ्यांनी पाहिलेले असते, त्याच्या बुद्धीला ते पटलेले असते. परंतु 'झाले, आता पुरे' अशी जी एक आतली खूण आपणा सर्वांस सहज मिळते, ती त्याला मिळत नाही. बिघाड या खुणेत आहे. त्याला समज कमी आहे असे नव्हे.

मनात नको असलेला विचार शिरणे हे आजाराचे लक्षण नाही, ही गोष्ट येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. कड्यावर उभे असताना आपण खाली उडी टाकली तर, देवळात हात जोडले असताना ओठांवर अभद्र शब्द आला तर, हातातली सुरी शेजारच्या माणसाला लागली तर, असले विचार बहुतेकांच्या मनात केव्हा ना केव्हा येऊन जातात. स्टॅन्ले रॅचमन व श्रीलंकेत जन्मलेले पद्मल डिसिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी व्यक्तींपैकी सुमारे ८० टक्के लोकांनी असे विचार येत असल्याचे सांगितले होते. विचारांचा मजकूर रुग्णांच्या विचारांसारखाच होता. फरक पुढे पडतो. निरोगी माणूस 'काय वेडगळ विचार आला' असे म्हणून कामाला लागतो. रुग्ण मात्र असा विचार आपल्या मनात आलाच कसा, म्हणून हादरतो. त्या विचाराला तो एखाद्या नोटिशीप्रमाणे उत्तर देऊ लागतो. धास्ती वाढते. ती असह्य झाली म्हणजे तो काहीतरी करतो. हात धुतो, कुलूप ओढून पाहतो, अकरा वेळा नाव घेतो, कोणाला तरी विचारून खात्री करून घेतो. लागलीच बरे वाटते. हे बरे वाटणे काही मिनिटांचे असते, परंतु तेवढ्याने मेंदू एक चुकीचा धडा शिकतो : कृती केली म्हणून अनर्थ टळला. पुढच्या खेपेस धास्ती अधिक जोराने येते आणि कृतीही अधिक वेळ करावी लागते. असे करता करता दिवसाचे तासच्या तास यात जातात.

या चक्रामागे मेंदूच्या कार्यातील फरक असतो, हे आता प्रतिमाचित्रणाच्या साहाय्याने पाहता येते. कपाळामागील भाग आणि मेंदूच्या आतील काही केंद्रे यांच्यात संदेशांची जी देवघेव चालते, ती या रुग्णांत गरजेपेक्षा जास्त तीव्र असल्याचे आढळते. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे लुईस बॅक्सटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णांचा एक गट औषधावर होता, तर दुसऱ्या गटावर केवळ वर्तनोपचार केलेले होते. ज्यांना गुण आला, त्या दोन्ही गटांतील रुग्णांच्या मेंदूत सारख्याच ठिकाणी सारखाच बदल दिसून आला. 'हे सारे मनाचे खेळ आहेत' असे म्हणून ज्यांना हा विषय झटकून टाकावासा वाटतो, त्यांनी हा निष्कर्ष जरूर ध्यानात घ्यावा.

आजाराची सुरुवात बहुधा पंचविशीच्या आत होते. पुष्कळांत ती शाळकरी वयातच झालेली असते. स्त्री-पुरुष, सुशिक्षित-अशिक्षित, शहर-खेडे असा भेद तो करीत नाही.

सोवळे आणि आजार

आपल्याकडे या आजाराची ओळख पटण्यात एक खास अडचण आहे. सोवळेओवळे, विटाळ, शिवाशिव यांनी भरलेल्या घरांत कोणी तासभर न्हाणीघरात राहिले, तर ते धर्मनिष्ठेत खपून जाते. बंगाली भाषेत अशा व्यक्तींसाठी 'शुचिबाई' असा खास शब्द आहे व कोलकात्याच्या मनोविकारतज्ज्ञांनी १९७५ मध्ये त्यावर अभ्यासही प्रसिद्ध केला होता. त्याच वर्षी चंडीगढ येथील डॉक्टरांनी ८२ रुग्णांच्या लक्षणांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. रुग्णांचे विचार घाण व विटाळ यांभोवती सर्वाधिक घोटाळत होते, हे अपेक्षितच म्हणावे लागेल. पण विचारांचे रूप पाहिले, तेव्हा सर्वांत पुढे निघाली ती शंका. आजार स्वच्छतेच्या आवडीचा नसून संशयाचा आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

मग सोवळे कोठे संपते व आजार कोठे सुरू होतो? सोवळ्याला नियम असतो आणि नियमाला शेवट असतो. स्नान केले, धूतवस्त्र नेसले, पूजा झाली, नैवेद्य झाला, की सोवळे सुटते. आजाराला शेवट नसतो. ज्या पूजेसाठी म्हणून बाई अंघोळीला गेली, ती पूजा अंघोळ पुरी न झाल्यामुळे राहून जाते. आरती होऊन प्रसाद वाटला गेला तरी ती न्हाणीघरातच असते आणि आत रडत असते. घरच्या माणसांना तिचे धुणे दिसते, रडणे दिसत नाही. भक्ताला पूजेने समाधान मिळते, रुग्णाला कृतीने केवळ क्षणभर सुटका मिळते, एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ उलगडा होईल. अर्थात सोवळ्याच्या नावाखाली माणसामाणसांत जो भेद केला गेला तो आजार नव्हे, अन्याय होय. त्याच्या समर्थनासाठी या लेखाचा आधार कोणी घेऊ नये.

२०२० मध्ये कोविडची साथ आली, तेव्हा शासनाच्या आरोग्य यंत्रणेने हात धुण्याचा प्रचार घरोघर केला. त्या सूचनेतही शेवट सांगितलेला होता : साबण लावून २० सेकंद. निरोगी माणसाने २० सेकंद हात धुतले व तो कामाला लागला. रुग्णाला मात्र मोजताना आकडा चुकल्याची शंका आली आणि त्याने पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.

न दिसणारे प्रकार

धुणे व तपासणे ही लक्षणे निदान दिसतात तरी. काही रुग्णांचे सर्व दुःख मनातल्या मनात चालते. देवाविषयी अत्यंत श्रद्धा असलेल्या माणसाच्या मनात देवाची निंदा करणारे शब्द येतात. ते पुसून टाकण्यासाठी तो दिवसभर मनात जप करतो, जपात खंड पडला की पुन्हा आरंभ करतो. कोणाच्या मनात आपल्याच माणसांविषयी लाजिरवाणे विचार येतात. कोणाला वस्तू 'बरोबर' लागल्याशिवाय, उंबरा 'बरोबर' पायाने ओलांडल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. अशी माणसे बाहेरून केवळ अबोल, मंद किंवा घुमी दिसतात.

यांपैकी एका प्रकाराकडे आरोग्यसेविका, आशा कार्यकर्त्या आणि अंगणवाडी सेविका यांचे लक्ष विशेष करून वेधले पाहिजे. बाळंतपणानंतर काही मातांच्या मनात, आपल्या हातून बाळाला इजा होईल, असा भयंकर विचार वारंवार येतो. ती विळीजवळ बाळाला नेत नाही, एकटी असताना त्याला अंघोळ घालीत नाही, कोणाला सांगायचीही सोय नसते. सांगितलेच, तर 'ही कैदाशीण आहे' म्हणून बाळ तिच्यापासून काढून घेतले जाते. वस्तुस्थिती अशी, की मंत्रचळात येणारा विचार हा मातेच्या इच्छेच्या अगदी उलट असतो. तिला त्याची भीती वाटते म्हणूनच तो तिला छळतो. अशा मातेला डॉक्टरांकडे नेले पाहिजे, तिला दोष देता कामा नये. येथे एक भेद मात्र काटेकोरपणे पाळावा. मातेला आवाज ऐकू येत असतील, बाळात काही दुष्ट शक्ती आहे असे ती ठामपणे मानीत असेल, तिचे बोलणे भरकटत असेल, तर तो वेगळा व तातडीचा आजार असू शकतो आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठणे आवश्यक असते.

मायेचा घातक भाग

हा आजार वाढतो तो घरच्या मायेवर, असे म्हटले तर कित्येकांना ते कठोर वाटेल. परंतु या विषयातील सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट हीच आहे. मुलगा विचारतो, 'आई, त्या डबक्याजवळून गेलो, मला काही होणार नाही ना?' आई म्हणते, 'नाही रे बाळा.' दहा मिनिटांनी तो पुन्हा विचारतो, आई पुन्हा सांगते. दिवसाकाठी हाच प्रश्न पन्नास वेळा होतो. प्रत्येक उत्तर म्हणजे कुलूप ओढून पाहण्यासारखेच. त्याने क्षणभर बरे वाटते आणि शंकेची भूक वाढते. कोठे घरातील सर्व माणसे बाहेरून आल्यावर रुग्णाच्या समाधानासाठी कपडे बदलू लागतात, कोठे वडील स्वतः कुलूप तपासून 'मी पाहिले' असे सांगण्याची जबाबदारी घेतात, कोठे पाहुण्यांचे येणेच बंद होते. हळूहळू सारे घर आजाराच्या नियमांनी चालू लागते.

याच्या उलट टोकाला रागावणे, मारणे, कोंडणे आहे. उन्हाळ्यात ज्या गावाला टँकरने पाणी येते, तेथे एखादी सून धुतलेली भांडी तिसऱ्यांदा धुवायला घेते, तेव्हा घरात काय घडत असेल याची कल्पना करणे अवघड नाही. पाण्याचा हंडा हिसकावून घेतल्याने तिची शंका जात नाही. भीतीत अपमानाची भर पडते, एवढेच. माया आणि मार, दोन्ही येथे निरुपयोगी ठरतात.

आम्हा प्रसिद्धीचे काम करणाऱ्यांना 'घाबरू नका' या घोषवाक्याची फार सवय असते. देवी, हिवताप, क्षय, साऱ्या मोहिमांत ते कामी आले. या एका आजारात मात्र ते चालत नाही. 'घाबरू नका, काही होणार नाही' हेच तर रुग्ण दिवसभर स्वतःला सांगत असतो.

उपचार

पूर्वी अशी समजूत होती, की रुग्णाची कृती बळाने थांबविली तर त्याचे मन कोलमडून पडेल. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये दोन रुग्णांवरील उपचारांचा वृत्तान्त प्रसिद्ध करून या समजुतीस धक्का दिला. ज्या गोष्टीची भीती, तिला रुग्णाने सामोरे जायचे आणि त्यानंतरची नेहमीची कृती मात्र करायची नाही, असे त्यांच्या पद्धतीचे स्वरूप होते. रुग्ण कोलमडले नाहीत, उलट सुधारले. पुढे याच पद्धतीचा अनेक देशांत अभ्यास झाला व आज ती या आजारावरील प्रमुख मानसोपचार मानली जाते.

ही पद्धत क्रूर वाटते, पण ती पायरीपायरीने चालते आणि प्रत्येक पायरी रुग्णाच्या संमतीने ठरते. समजा, एका गृहिणीला बाजारातून आलेल्या प्रत्येक वस्तूचा विटाळ वाटतो. उपचारक तिच्याबरोबर बसून भीतीची उतरंड तयार करतो. अगदी खालच्या पायरीवर कागदात गुंडाळलेली साबणाची वडी, मधे भाजीची पिशवी, सर्वांत वर एस.टी.च्या बाकाला टेकलेले लुगडे. प्रथम तिने साबणाच्या कागदाला हात लावायचा आणि हात न धुता बसून राहायचे. धास्ती चढते, चढते, आणि न धुताही अर्ध्यापाऊण तासात बऱ्याच अंशी ओसरते. कधी ती तेवढी ओसरत नाही. पण धास्ती असूनही आपण बसू शकलो व काही बिघडले नाही, हे तिला कळते. हा अनुभव तिला कोणी सांगून येत नाही, तो घ्यावाच लागतो. काही दिवसांनी वरची पायरी. घरच्या माणसांनाही यात काम असते. तिने 'हे स्वच्छ आहे ना?' असे विचारले, की उत्तर न देता, 'हा प्रश्न आजार विचारतो आहे. तुला त्रास होतो आहे हे मला दिसते, मी येथे बसलो आहे' असे म्हणायचे. बोलायला सोपे, निभवायला अवघड. म्हणूनच ते अचानक एका दिवशी, रुग्णाला न सांगता सुरू करू नये. उपचारक, रुग्ण व घरचे यांच्यात आधी ठरवून मगच करावे.

औषधांचाही चांगला उपयोग होतो. क्लोमिप्रामिन हे औषध १९६० च्या दशकापासून या आजारासाठी वापरले जात आहे. त्यानंतर फ्लुऑक्सेटिन, फ्लुव्होक्सामिन, सरट्रालिन इत्यादी औषधे आली व आज बहुधा त्यांपासून सुरुवात करतात. ही औषधे मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाच्या कार्यावर परिणाम करतात. ती झोपेची औषधे नव्हेत व त्यांची चटकही लागत नाही. पण दोन गोष्टी रुग्णाला आरंभीच सांगाव्या लागतात. नैराश्यासाठी लागते त्यापेक्षा येथे मात्रा बहुधा अधिक लागते, आणि गुण दिसण्यास ८ ते १२ आठवडे जातात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून गोळ्या टाकून देणारे रुग्ण पुष्कळ असतात. गुण आल्यावरही औषध वर्ष-दोन वर्षे चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो व ते बंद करायचे ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. सुमारे निम्म्या रुग्णांना पहिल्या औषधाने बरा आराम पडतो. इतरांसाठी औषध बदलणे, मानसोपचाराची जोड देणे, असे मार्ग असतात. आजार समूळ जाईलच असे आश्वासन कोणी देऊ नये. परंतु दिवसातील सहा तास खाणारा आजार अर्ध्या तासावर आला, तर तो माणूस नोकरी करतो, संसार करतो, शेत पाहतो.

शाळा, कार्यालय आणि गाव

शिक्षकाच्या दृष्टीस हा आजार सर्वांत आधी पडण्याचा संभव असतो. अक्षर मनासारखे आले नाही म्हणून खोडून खोडून वहीला भोक पाडणारा मुलगा, एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचीत राहिल्यामुळे मागे पडणारी हुशार मुलगी, हात लाल व भेगाळलेले असणारे मूल, मधल्या सुट्टीनंतर नळापाशीच राहणारे मूल, परीक्षेत सर्व येत असून तीन प्रश्न सोडून देणारे मूल. आळस, हट्ट, निष्काळजीपणा असे शेरे प्रगतिपुस्तकात लिहिण्यापूर्वी पालकांना बोलावून शांतपणे चौकशी करावी. वर्गासमोर त्याचा उल्लेख करू नये. एक-दोनदा खोडणाऱ्या प्रत्येक मुलाला आजारी ठरविण्याचेही कारण नाही. वेळ किती जातो, त्रास किती होतो आणि नेहमीचे काम अडते की नाही, हे पाहावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने लेखी कामात सवलत देता येते, पण उत्तर बरोबर आहे का असे मुलाने दहादा विचारले, तर दहादा सांगणे हे मात्र त्याच्या हिताचे नसते.

कार्यालयात गोष्ट अधिक गुंतागुंतीची होते, कारण तपासणे हा आपल्याकडे गुण मानला जातो, आणि तो आहेही. दोनदा तपासलेली फाईल कोणत्याही साहेबाला आवडते. तीच फाईल लिपिकाच्या मेजावर महिनाभर अडते, तो रात्री आठपर्यंत बसून बेरजा पडताळतो, पाकिटाला डिंक लावल्यावर ते पुन्हा फोडून आतला कागद पाहतो, तेव्हा कारणे दाखवा नोटीस निघते. नोटीस काढण्याआधी त्या माणसाशी एकदा खासगीत बोलणे, हा अधिकाऱ्याच्या अखत्यारीतला साधा उपाय आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीचा २०१६ चा कायदाही येथे लागू पडतो. सेवेत असताना अपंगत्व आले, एवढ्या कारणावरून शासकीय कर्मचाऱ्यास कामावरून दूर करता येत नाही किंवा पदावनत करता येत नाही, अशी त्यात तरतूद असून दीर्घकाळ कार्यक्षमता घटविणारा मानसिक आजार त्या कायद्याच्या कक्षेत येतो. मानसिक आजाराने येणारे अपंगत्व मोजण्यासाठी २००२ मध्ये जी 'आयडियाज' ही मोजपट्टी देशात लागू झाली, तिच्यात स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवी विकार व स्मृतिभ्रंश यांच्या जोडीने मंत्रचळाचाही समावेश केलेला आहे. प्रत्येक रुग्णाला प्रमाणपत्र मिळेल असे नाही, त्याची बहुतेकांना गरजही नसते. ज्यांचा आजार जुना व तीव्र आहे, त्यांना या मार्गाची माहिती असावी.

गावात अशा माणसाला प्रथम देवऋषाकडे नेतात, ही वस्तुस्थिती आहे. नुसता अंगारा लावला तर इजा होत नाही, वेळ मात्र जातो. पण भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, चटके देणे हे २०१३ च्या जादूटोणा प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरविले आहे. पंचायत सदस्यांनी याबाबत गावाला स्पष्ट शब्दांत सांगावे. त्याचबरोबर जायचे कोठे, हेही सांगता आले पाहिजे. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला व १९९६ पासून त्याखाली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची उभारणी होत गेली. त्यानुसार जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाचा बाह्यरुग्ण कक्ष असतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही हा विभाग असतो. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य व मराठीतून बोलता येते. मनोविकार विभागाचे नाव काढताच ठाणे किंवा येरवड्याच्या भिंती लोकांच्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. ही भीती अनाठायी आहे. मंत्रचळाच्या बहुसंख्य रुग्णांना दाखल करण्याचे कारणच पडत नाही. ते सकाळच्या गाडीने जाऊन दुपारी गोळ्या घेऊन घरी परततात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये शासनामार्फत चालविल्या जाणाऱ्या सेवेतून उपचार मिळणे हा हक्क झाला आहे, आणि आरोग्य विम्यात मानसिक आजारास शारीरिक आजाराप्रमाणेच वागविण्याचे बंधन विमा कंपन्यांवर आहे.

भीतीला सामोरे जाण्याचा जो उपचार वर सांगितला, तो देऊ शकणारे प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ सर्व तालुक्यांत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. अशा ठिकाणी औषधे आणि घरच्यांचे योग्य वागणे यांवरच अधिक भिस्त राहते. म्हणून रुग्णाला रुग्णालयात नेताना त्याच्याबरोबर राहणाऱ्या माणसानेही आत जावे, घरात कोणकोणत्या गोष्टी रुग्णाच्या समाधानासाठी केल्या जातात हे डॉक्टरांना न लाजता सांगावे आणि त्यांतल्या कोणत्या आधी थांबवायच्या हे विचारून घ्यावे. पहिल्या तीन महिन्यांत आशा कार्यकर्तीने अधूनमधून घरी जाऊन गोळ्या नियमित चालू आहेत का व पुढची तारीख कधीची आहे, एवढे पाहावे. धुण्यातपासण्याची चौकशी तिने करू नये. तिचा हिशेब रुग्ण आधीच ठेवीत असतो. गोळ्या संपण्यापूर्वी आठवडाभर आठवण दिली, तर तालुक्याच्या गावाहून एस.टी. चुकली तरी औषधात खंड पडत नाही.